डेरासा, मॅक्सिमा की क्रोसिया? घरच्या रीफ टँकसाठी पहिला महाशिंपला निवडताना

रीफ टँक म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, आणि डेरासा, मॅक्सिमा, क्रोसिया या तिच्यात पाळल्या जाणाऱ्या महाशिंपल्यांच्या जाती. दुकानातल्या निळ्या दिव्यांखाली मॅक्सिमा पाहिला की दुसरं काही दिसतच नाही. गर्द निळा, त्यावर काळी नक्षी, कडेला हिरवट झाक. शेजारच्या टाकीत तपकिरी-सोनेरी पट्ट्यांचा डेरासा पसरलेला असतो, त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. न्यू जर्सीत आमचा टँक सुरू होऊन जेमतेम पाच महिने झाले होते आणि मी तो निळा मॅक्सिमा घरी आणला. सात आठवड्यांनी त्याचा रिकामा शिंपला माझ्या हातात होता. तो का गेला ते पुढे सांगते, कारण त्यातच निवडीचं अर्धं उत्तर आहे.

माझं मत आधीच मांडते. टँक ४०० लिटरच्या आसपास किंवा मोठा असेल तर पहिला शिंपला डेरासाच घ्या. टँक लहान आहे, पण दिवे खरोखर दमदार आहेत, तर आठ-दहा सेंटिमीटरचा मॅक्सिमा. क्रोसिया पहिला म्हणून नको. आणि टँकला निदान नऊ-दहा महिने झाले नसतील तर सध्या कुठलाच नको.

हा सगळा विचार परदेशात राहणाऱ्यांनी करायचा आहे. भारतात महाशिंपल्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, रीफ बांधणाऱ्या प्रवाळांनाही आहे. मुंबई-पुण्यात कुणी 'आहे माझ्याकडे एक पीस' म्हणालं तरी हात जोडून नाही म्हणा. मॅक्सिमा बघायचाच असेल तर लक्षद्वीपला जा. तिथल्या उथळ पाण्यात, प्रवाळाच्या खडकात रुतलेला जिवंत मॅक्सिमा नुसता मास्क लावून दिसतो, आणि तो टँकमधल्यापेक्षा कितीतरी सुंदर असतो. परदेशातही सगळे महाशिंपले साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, त्यामुळे देशाबाहेरून आलेल्या शिंपल्याला कागदपत्रं लागतात. अमेरिकेत २०२४ मध्ये महाशिंपल्यांच्या दहा जाती संरक्षित यादीत घालण्याचा प्रस्ताव मांडला गेला, तेव्हा खरेदीआधी आजचा नियम काय आहे ते विचारून घ्याच. विक्रेत्याला एक प्रश्न नक्की विचारा: हा पैदास केलेला आहे की समुद्रातून उचललेला? डेरासाचं पारडं इथेच जड होतं. पलाऊमध्ये १९८० च्या दशकापासून त्याची पैदास होते आहे आणि बाजारातले डेरासा बहुतेक अशा शेतीतलेच असतात. मॅक्सिमा आणि क्रोसिया शेतीतलेही मिळतात, समुद्रातून काढलेलेही.

आता मुख्य मुद्दा, प्रकाश. आपल्या तिसऱ्या पाणी गाळून पोट भरतात. महाशिंपलाही गाळतो, पण त्याचा खरा स्वयंपाक चालतो तो मँटलमध्ये, म्हणजे शिंपल्याबाहेर पसरणाऱ्या त्या रंगीत मांसल पडद्यात. तिथे सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा शिंपल्याला मिळतो. निळ्या-हिरव्या चकाकीचं कामही हेच. ती चकाकी देणाऱ्या पेशी प्रकाश विखुरतात, उपयोगाचा प्रकाश आतल्या शैवालापर्यंत पोचवतात आणि नको तो परतवतात. म्हणजे ज्या रंगावर आपण भाळतो तो प्रखर उन्हात राहण्याची सोय आहे. साधारणपणे, जितका झगमगीत शिंपला तितकी त्याची प्रकाशाची भूक मोठी.

म्हणून दुकानात जाण्याआधी पार (PAR) मीटर मिळवा, म्हणजे शैवालाच्या उपयोगाचा प्रकाश मोजणारं यंत्र. कुणाकडून उसना घ्या, क्लबकडून भाड्याने घ्या, पण शिंपला जिथे बसणार त्या नेमक्या जागी मोजा. वाळूवर २०० च्या आसपास आकडा येत असेल तर डेरासा आणि स्क्वामोसा ही चौथी जात सुखाने राहतील. मॅक्सिमाला ३०० च्या घरात हवा. क्रोसियाला त्याहून थोडा जास्तच. दिव्याच्या खोक्यावर छापलेल्या वॉटवरून यातलं काहीच कळत नाही.

डेरासा आणि मॅक्सिमातला दुसरा फरक बसण्याच्या जागेचा, आणि माझी चूक नेमकी तिथेच झाली. मॅक्सिमा पायातून चिकट धागे काढून खडकाला स्वतःला बांधून घेतो. एकदा बांधलं की ती जागा त्याची. माझा शिंपला मी ठेवलेल्या खडकावर चिकटला. मला वाटलं, अजून थोडा वर हवा, आणि मी तो उचलला. जरा ओढावं लागलं. त्या ओढण्यात पायाशी असलेली धाग्यांची मुळं तुटली. आठवड्याभरात तो आ वासल्यासारखा राहू लागला, सावली पडली तरी मिटेना. हलवायचाच असेल तर पातळ धारदार पात्याने धागे खडकाजवळ कापायचे, शिंपल्याजवळ कधीच नाही. शक्य असेल तर खडकासकटच उचलायचा. मॅक्सिमा घेणार असाल तर जागा आधी ठरवा: खडकात किंचित खोलगट, वरून मोकळी, खालून पंपाचा झोत न लागणारी.

डेरासाचं असं नसतं. लहानपणी तोही थोडाफार चिकटतो, पण मोठा होता होता धागे सोडतो आणि स्वतःच्या वजनावर वाळूत बसतो. त्याच्याखाली एक सपाट दगड किंवा फरशीचा तुकडा ठेवा. पायाखालून किडे त्रास देत नाहीत आणि हलवायची वेळ आली तर फरशीसकट हलवता येतो. नवख्या हाताला चूक सुधारायची संधी देणारा हा शिंपला आहे. प्रकाश थोडा कमी पडला तरी तो लगेच हार मानत नाही.

त्याचा तोटाही स्पष्ट सांगते: तो वाढतो, आणि भराभर वाढतो. समुद्रात डेरासा ६० सेंटिमीटरपर्यंत जातो. मॅक्सिमा क्वचितच ३० सेंटिमीटरच्या पुढे जातो, क्रोसिया १५ च्या आतच थांबतो. आज तळहातावर मावणारा डेरासा तीन-चार वर्षांत वाळूचा मोठा भाग व्यापतो आणि भोवतालच्या प्रवाळांवर सावली धरतो. शिवाय वाढणारा शिंपला म्हणजे रोजचा कॅल्शियमचा खर्च. मँटल छान फुलला आहे म्हणून निर्धास्त राहू नका, अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटची पातळी मोजा. आमच्याकडे ती ८ ते ९ डीकेएच (हे तिचं एकक) आणि कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम ठेवतो. लहान शिंपला असताना पाणी बदलण्यात भागत होतं. तो मोठा झाल्यावर रात्री थेंब थेंब चुन्याची निवळी सोडावी लागली. खाण्याच्या चुन्याची नव्हे, टँकसाठी मिळणाऱ्या शुद्ध चुन्याची. नायट्रेट मात्र शून्यावर आणण्याच्या मागे लागू नका. शिंपल्यातल्या शैवालाला नायट्रोजन लागतो, ५ ते १० पीपीएम असेल तर उत्तम. टँकमध्ये पोटभर खाणारे मासे असतील तर बाटलीतल्या खाद्याची गरज सहसा पडत नाही.

स्क्वामोसाबद्दल थोडक्यात. शिंपल्यावर पानांसारखे खवले असल्यामुळे तो बाहेरूनही देखणा, प्रकाशाची गरज डेरासाएवढी, आकार ४० सेंटिमीटरपर्यंत. डेरासा मिळाला नाही तर बेलाशक घ्या. फक्त खवल्यांच्या खाचांत कीड लपते, तेव्हा तपासणी कसून करा.

क्रोसिया रंगाने सगळ्यांवर मात करतो, हे मान्य. पण समुद्रात तो प्रवाळाच्या खडकात स्वतःला कोरून घेतो. बाहेर दिसते ती फक्त रंगीत कड. खडकातून नीट न काढलेल्या क्रोसियाचा पाय दुखावलेला असण्याची शक्यता मोठी असते आणि दुकानात ते ओळखणं नवख्याला जमत नाही. दोन वर्षं एक शिंपला नीट सांभाळल्यावर, दिवे तेवढे असतील तर, लहान टँकसाठी यासारखा शिंपला नाही.

एक गोष्ट दुकानदार बहुधा सांगत नाहीत. मॅक्सिमा आणि क्रोसियाचा रंग वरून पाहिल्यावर खुलतो. तुमचा टँक उंच असेल आणि तुम्ही सोफ्यावरून समोरून बघणार असाल, तर खडकाच्या माथ्यावर ठेवलेल्या त्या निळ्या शिंपल्याची तपकिरी बाजूच तुम्हाला दिसत राहील. खाली वाळूवर बसलेला डेरासा मात्र समोर उभं राहिलं की पुरता नजरेत येतो.

जात कुठलीही असो, खरेदी करताना त्यावरून हात फिरवून सावली पाडा. मँटलच्या कडेला शेकडो बारीक डोळे असतात. निरोगी शिंपला चटकन आक्रसतो. पाणी आत घेणारं तोंड सताड उघडं असेल, मँटल मध्येच पांढरा पडला असेल किंवा चिमटा काढल्यासारखा दुमडला असेल तर सोडून द्या. तो चिमटल्याचा आजार मॅक्सिमा-क्रोसियात जास्त दिसतो. शिंपल्याच्या ओठावर नव्या पांढऱ्या वाढीची कड दिसली तर फार चांगलं. पाच सेंटिमीटरपेक्षा लहान घेऊ नका, स्वस्त असला तरी. घरी आणल्यावर रात्री टॉर्च घेऊन पाहा: तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गोगलगाई शिंपल्याच्या कडेला चिकटून त्याचा रस पितात. दिसल्या की शिंपला बाहेर काढून मऊ ब्रशने घासा, आणि पुढचे काही आठवडे रोज पुन्हा बघा, कारण अंडी राहतात. परत ठेवताना पाण्याखाली हळूच कलता करून अडकलेली हवा बाहेर जाऊ द्या. टँकमध्ये पूर्वी तांब्याचं औषध वापरलं असेल तर शिंपला आणूच नका. एंजलफिश आणि बटरफ्लाय मासे असतील तर ते मँटलचे लचके तोडण्याची भीती असते, त्यांना दुसरं घर शोधा.

पहिले दोन-तीन आठवडे त्याला वाळूवर, दिव्यापासून दूर ठेवा (चिकटणारा असेल तर सुट्या दगडावर, म्हणजे दगडासकट उचलता येईल), मग टप्प्याटप्प्याने जागेवर न्या. माझ्या हातून गेलेल्या मॅक्सिमाच्या बाबतीत मी हेही केलं नव्हतं.

त्यानंतर वर्षभर थांबून आणलेला नऊ सेंटिमीटरचा डेरासा आज २३ सेंटिमीटरचा आहे. समोरचे तीन प्रवाळ त्याच्यासाठी हलवले. त्याला हवी तेवढी जागा आता आमच्याकडे उरलेली नाही, म्हणून उन्हाळ्यात तो हजार लिटरचा टँक असलेल्या एका मैत्रिणीकडे जाणार आहे, फरशीसकट. खडकातला एक खोलगट कोनाडा मी मोजून ठेवलाय. तिथे पार ३२० येतो. तिथे मॅक्सिमा येईल, या वेळी शेतीतला.