थॅलेसेमियाची तपासणी: लग्न ठरताना की दिवस गेल्यावर?

गोव्यात आजही बरीचशी लग्नं जातीतच ठरतात. पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक घरांतच सोयरीक झाली की एकच सदोष जनुक दोन्हीकडे असण्याची शक्यता वाढते. नवरा-बायको दोघंही थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक, म्हणजे सदोष जनुक बाळगणारे, असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के. मग जन्मभर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं आलं.

लग्न ठरताना तपासलं, तर हाताशी वेळ असतो. पण भीती बोलण्याची. ‘पोरीच्या रक्तात दोष आहे’ असं कानोकानी झालं की स्थळं येईनाशी होतात. मुलाला सहसा कुणी विचारत नाही. खरं तर वाहक माणूस ठणठणीत असतो. सायप्रसमध्ये चर्चनेच लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. बहुतेक वाहक जोडप्यांनी तरीही लग्न केलं, पुढे गर्भाची तपासणी करून घेतली आणि आजारी बाळांचे जन्म जवळपास थांबले. गोव्यात लग्नाची नोंदणी सक्तीचीच आहे. ही माहिती त्याच टेबलावर मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

दिवस गेल्यावर तपासलं, तर सोयरीक मोडायची भीती नाही. मात्र बाळाला आजार आहे का हे पाहायला वारेचा नमुना घ्यायचा तो साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यात. त्याआधी नवऱ्याचाही रिपोर्ट हातात हवा, आणि काणकोणच्या आतल्या वाड्यावरून बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठायचं तर त्यातच दिवस मोडतो.