इन्ग्रेसची हॅश टेबलं: वेग खरा, पण लक्ष ठेवणं आलं

इन्ग्रेस या डेटाबेस प्रणालीत पूर्ण की (ज्या कॉलमवरून शोधायचं ती किंमत) देऊन एकच रो, म्हणजे नोंद, काढायची असेल, तर हॅश रचनेला तोड नाही. कीवरून पेजचा (डिस्कवर रो ठेवायच्या ठरावीक तुकड्याचा) पत्ता थेट निघतो, बी-ट्रीसारखं (की क्रमाने लावणारी दुसरी रचना) इंडेक्सच्या पायऱ्या उतरत जावं लागत नाही. पण 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी अट आली किंवा अनेक कॉलमच्या जोडकीचा अर्धाच भाग दिला, की सगळं टेबल वाचलं जातं. अशा कामाला हॅश घेऊच नये.

खरी गोम मुख्य पेजांच्या संख्येत आहे. ती मॉडिफाय (टेबलाची रचना नव्याने लावणारी आज्ञा) चालवताना ठरते, पुढे टेबल कितीही फुगलं तरी वाढत नाही. ज्यांना जागा मिळत नाही त्या रो ओव्हरफ्लो पेजांच्या साखळीला लागतात. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रिकामं टेबल हॅश करून मग डेटा भरणं. मिनपेजेस (कमीत कमी मुख्य पेजांचा आकडा) दिलं नसेल तर तेव्हा जेमतेम 16 मुख्य पेजं मिळतात. पेजात 10 रो मावतात आणि 10,000 भरल्या असं धरा: 160 जागेवर बसतात, उरलेल्यांना किमान 984 ओव्हरफ्लो पेजं लागतात, म्हणजे दर साखळीत साठेक. साखळीवर लॉकही (वापर चालू असताना इतरांना अडवणारी कुलपं) तेवढेच वाढतात. म्हणून आधी डेटा भरा, मग मॉडिफाय. डिफॉल्ट फिलफॅक्टर (पेज किती भरायचं ते प्रमाण) 50 टक्के असल्याने पेजात 5 रो धरल्या जातात. म्हणजे साधारण 2,000 मुख्य पेजं, आणि वाढीला निम्मी जागा मोकळी.

तपासणी सोपी आहे. 'हेल्प टेबल' या आज्ञेत किंवा आयआयटेबल्स या टेबलांची माहिती ठेवणाऱ्या कॅटलॉगमध्ये एकूण पेजं आणि ओव्हरफ्लो पेजं दिसतात. ओव्हरफ्लो 10-15 टक्क्यांवर गेलं की पुन्हा मॉडिफाय करावं. ही सूचना इन्ग्रेस स्वतःहून देत नाही, ही मोठी उणीव. मॉडिफायनंतर लगेच पाहूनही ओव्हरफ्लो बराच दिसत असेल, तर बहुधा एकाच कीच्या रो फार आहेत. सारख्या की एकाच पेजावर जाणार, मिनपेजेस वाढवून उपयोग नाही. कीमध्ये आणखी एक कॉलम घ्या, पण मग शोधताना तोही द्यावा लागेल. ते जमणार नसेल तर बी-ट्री बरं.

मॉडिफाय चालू असताना साधारणपणे टेबलावर एक्स्क्लुझिव्ह लॉक असतो आणि जुन्या-नव्या दोन्ही प्रती मावतील एवढी डिस्क लागते. पर्सिस्टन्स (मॉडिफायनंतरही इंडेक्स टिकवणारा पर्याय) न देता बनवलेले सेकंडरी इंडेक्स (टेबलावर शोधासाठी वेगळे बनवलेले) त्यात उडतात. त्यांची स्क्रिप्ट आधीच काढून ठेवा.