परदेशवारीतलं चार्जिंगचं सामान : आठ महिने वापरल्यानंतर

द्राक्ष निर्यातीच्या कामामुळे फेब्रुवारीपासून दोनदा हॉलंडला आणि एकदा लंडनला जाणं झालं. पहिल्यांदा निघताना नाशिकच्या एम.जी. रोडवरून युनिव्हर्सल अडॅप्टर, ६५ वॅटचा गॅन (गॅलियम नायट्राइडचा, आकाराने लहान) चार्जर, २०,००० एमएएचची पॉवर बँक आणि केबली असं बरंच काही घेतलं होतं. त्यातलं काय टिकलं आणि काय कपाटात पडलंय ते सविस्तर लिहितो. आमच्या दिंडोरी-पिंपळगाव भागातून दर सीझनला कोणी ना कोणी पहिल्यांदा तिकडे निघतं आणि फोन करून हेच विचारतं.

युनिव्हर्सल अडॅप्टर घेऊ नका, असं मी आता स्पष्ट सांगतो. हॉलंडमधलं सॉकेट भिंतीत आत गेलेलं, गोल वाटीसारखं असतं. चौकोनी ठोकळा त्या वाटीत बसतच नाही, नुसता पिनांवर लोंबतो. त्यावर लॅपटॉपचा जड चार्जर लावला की मान टाकतो. रॉटरडॅमला रात्री लॅपटॉप चार्जिंगला लावून झोपलो आणि सकाळी बघतो तर बॅटरी ११ टक्के, अडॅप्टर अर्धा बाहेर. त्या दिवशी नऊ वाजता मीटिंग होती. शिवाय माझ्या अडॅप्टरमधली अर्थिंगची पिन नुसती प्लॅस्टिकची निघाली, आणि तिसऱ्या वारीपर्यंत पिना सरकवायची खटकीही ढिली झाली.

मुळात हॉलंड किंवा जर्मनीला मोबाइलसाठी अडॅप्टर लागतच नाही. आपल्या चार्जरच्या दोन बारीक गोल पिना तिथल्या सॉकेटमध्ये थेट जातात. म्हणून गॅन चार्जर घेताना दोन गोल पिनांचाच घ्या. माझा एकच चार्जर लॅपटॉप आणि फोन दोन्ही सांभाळतो, लॅपटॉपचा तीन पिनांचा ठोकळा आता घरीच राहतो. लंडनचं वेगळं आहे. तिथे तीन जाड चपट्या पिना लागतात, त्यासाठी फक्त ब्रिटनचा साधा अडॅप्टर घेतला. तो घट्ट बसतो. तिथल्या सॉकेटला आपल्यासारखं बटण असतं, ते दाबायला विसरू नका.

अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. चार्जरवर '१००-२४० व्होल्ट' छापलेलं असेल तर तो कुठेही चालतो. बहिणीने मात्र न्यू जर्सीला जाताना इथली विजेची किटली नेली. तिथे १२० व्होल्ट. आपल्या २३० व्होल्टच्या किटलीला तिथे जेमतेम पाव ताकद मिळते. चहाचं पाणी उकळेना तेव्हा तिने फोन केला.

पॉवर बँक चांगली आहे, पण तिच्याकडून आकड्याएवढी अपेक्षा ठेवू नका. २०,००० एमएएच हा आतल्या सेलचा आकडा आहे. व्होल्टेज वाढवताना बरंच वाया जातं, त्यामुळे ५,००० एमएएचचा फोन माझ्याकडे अडीच वेळाच भरतो. चेक-इन बॅगेत ती टाकायचीच नाही, हातातल्या बॅगेत न्यायची. विमानात न्यायची साधारण मर्यादा १०० वॅट-अवरची, आणि आपली २०,००० गुणिले ३.७ (सेलचं व्होल्टेज) भागिले १,००० म्हणजे ७४ वॅट-अवर होते. एमिरेट्सने तर १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायलाच मनाई केली आहे. परतताना एका विमानतळावर माझी अडवली, कारण खिशात घासून तिच्यावरची अक्षरं पुसली होती. दहा मिनिटं समजावल्यावर सोडली. उरलेल्या अक्षरांवर आता पारदर्शक टेप चिकटवली आहे. नवी घेताना आकडे कोरलेली मिळाली तर तीच घ्या.

कोल्ड स्टोरेजमध्ये तासभर उभं राहिलं की फोनची बॅटरी बघता बघता उतरते. पॉवर बँक जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवली तर फरक पडतो. गारठलेला फोन तिथेच चार्जिंगला लावू नका. शून्याखाली लिथियमची बॅटरी चार्ज केली तर तिचं कायमचं नुकसान होतं.

सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू मात्र दीडशे रुपयांची. टाइप-सीला साधी यूएसबी जोडायचा नखाएवढा कन्व्हर्टर. कंटेनरमध्ये पेट्यांबरोबर तापमान नोंदवणारा लॉगर जातो, त्याला साधा यूएसबी असतो आणि माझ्या लॅपटॉपला फक्त टाइप-सी. एप्रिलमध्ये घडांचे देठ तपकिरी पडलेले निघाले आणि ग्राहकाचा माणूस म्हणाला, माल पॅकहाऊसमधूनच गरम भरलाय. तिथेच लॉगर लावला. पहिले अकरा दिवस तापमानाची रेघ शून्याजवळ सरळ, बाराव्या दिवशी चढलेली. आमच्या पोरांनी पहाटे चारपासून उभं राहून भरलेला माल होता तो. रेघ बघून तो माणूस गप्प झाला आणि पुढचं बोलणं शिपिंगवाल्यांशी सुरू झालं. तेव्हापासून असे दोन कन्व्हर्टर ठेवतो, एक पाकिटात आणि एक लॅपटॉपच्या बॅगेत.

डेटासाठी ई-सिम घेतलं, पण बँकेच्या ओटीपीसाठी इथलं सिम रोमिंगवर चालू ठेवलं. बॅगेचं वजन मात्र घरीच काट्यावर करून निघा, चिवडा-पापडाने २३ किलो कधी ओलांडतात कळत नाही.

केबल सहाव्या महिन्यात कनेक्टरच्या मानेजवळ तुटली. आता कापडी विणीची, १०० वॅटची घेतली आहे. जानेवारीत पुन्हा निघायचंय, तेव्हा तिचं कसं चाललंय ते लिहीन.