त्वचा स्कॅनिंग शिबिरात 46,800 रुपये गेले, लहान मुलं असणाऱ्यांनी वाचा

माझ्या धाकटीच्या मांडीवर पांढुरकी, चकचकीत रेघ दिसायला लागली, खडूने ओढल्यासारखी. खाज नाही, दुखणं नाही. सासूबाई म्हणाल्या कोड, आणि मुलीची जात म्हणून घरात सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला. त्यात मंगल कार्यालयातल्या शिबिराचं पत्रक आलं, 'लहान मुलांचे सफेद डाग, पट्टे, सुरुवातीलाच निदान, हमखास बरे'. नोंदणी 500, स्कॅनिंग 4,800.

पोरीच्या हातात पितळी दांडी दिली, वायर लॅपटॉपला. ती कंटाळली आणि दांडी टेबलावर ठेवून माझ्याकडे येऊन बसली, तरी मशीन चालूच, टक्के वाढत गेले आणि रिपोर्ट पूर्ण छापून आला. हे माझ्या डोळ्यांसमोर झालं हो! तिथेच उठून यायला पाहिजे होतं, आठवलं की अजून अंगाची लाही होते. पण मागे ही रांग, आणि पांढरा कोटवाला म्हणतोय, 'ताई, लवकर आलात म्हणून वाचलात, नाहीतर अंगभर पसरलं असतं'. मी बीएस्सी आहे, अडाणी नाही, पण पोटच्या पोरीबद्दल असं ऐकल्यावर कुणाचं डोकं चालतं सांगा. त्या माणसाने डागाला एकदाही हात लावला नाही.

पॅकेज 32,000. त्यातले 18,000 यूपीआयने, 14,000 रोख. नंतर जर्मन तेल म्हणून अजून 9,500. पावती फक्त 500 ची. रोख मागितली की तिथूनच परत फिरा.

तेल चोळण्यात पावसाळा गेला, दिवाळी गेली, रेघ गुडघ्याखाली उतरली, मांडी घालताना पाय आखडायला लागला. मग त्वचारोगाच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी डागाची कातडी चिमटीत धरून बघितली, इतकी कडक की धरताच येईना, मग टेपने दोन्ही पिंढऱ्या मोजल्या, डावी बारीक भरली. बायोप्सीत लिनिअर मॉर्फिया निघाला. कोड नव्हतंच. यात कातडी आणि खालचं मांस आवळत जातं, रेघ सांध्यावरून गेली तर सांधा आखडतो, वाढत्या वयात तो पाय आखूड राहू शकतो, म्हणून औषध लवकर सुरू करायचं असतं. आता मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, सोबत फॉलिक ॲसिड, रक्ताच्या तपासण्या. हेच आधी झालं असतं ना!

आणि ते शिबिरातले आधी-नंतरचे फोटो? लहान मुलांना लायकेन स्ट्रायटस म्हणून बारीक पुरळाची अशीच रेघ येते, ती बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते. तसली पोरं यांच्याकडे गेली की गुण तेलाचा, आणि माझ्या पोरीसारखी गेली की 'पथ्य पाळलं नाही'. कुठली रेघ कुठली हे हात लावून आणि गरज पडली तर बायोप्सीनेच कळतं, फोटोवरून नाही. कपाळावर किंवा डोक्यात खाच पडल्यासारखी रेघ असेल तर एक दिवस थांबू नका, डोळेही तपासून घ्या.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलिस म्हणाले पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत, जबरदस्ती कुठे आहे. औषधांच्या ऑफिसात पाठवलं, तिथले साहेब म्हणाले बाटलीवर लेबल नाही, बिल नाही, मग हे औषधच आहे कशावरून? अहो लेबल नाही हीच तर तक्रार आहे! 1954 च्या औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात कोड बरं करतो अशी जाहिरात करायलाच बंदी आहे, मी पत्रक पुढे ठेवलं तर म्हणे झेरॉक्स चालत नाही, ओरिजिनल आणा. ओरिजिनल आणलं तर साहेब दौऱ्यावर. कार्यालयाचा मालक म्हणतो मी हॉल भाड्याने दिला, माझा काय संबंध. आणि प्रत्येक ठिकाणी वर हेच, 'शिकलेल्या असून कशा फसलात?' फसवणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी 1930 ला फोन करा, मला हे फार उशिरा कळलं.

शेजारच्या तालुक्यात त्यांचंच शिबिर लागलंय, पत्रक तेच, नंबर फक्त बदललाय. कुणाला मिळालं तर फेकू नका, ओरिजिनल मला द्या, तक्रारीला जोडायचंय.