संपाच्या नावाखाली ४०,३०० रुपये

माशांच्या टाकीखाली ठेवायच्या संपाच्या डिझाइनची फी ३,५००. ॲडव्हान्स २१,०००. ‘काच कापून झाली, उरलेले टाका’ म्हणून १४,०००. टेम्पोभाडं १,८००. एकूण ४०,३००. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला रंग मारून दिला त्याचे ६,५०० वेगळे. आणि हे कुणी घालवले? २६ वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून ‘अनोळखी माणसाला पैसे पाठवू नका हो’ असं लोकांना बजावणाऱ्याने.

निवृत्तीनंतर हौस म्हणून खाऱ्या पाण्याची टाकी केली, ४ बाय २ बाय २ फुटांची. खाली कपाटात ३६ बाय १८ बाय १८ इंचांचा संप, म्हणजे वरचं पाणी गाळून परत वर पाठवणारी काचेची दुसरी टाकी, हवा होता. पहिल्या कप्प्यात फिल्टर सॉक (गाळायची पिशवी) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), मधे रेफ्युजियम (शेवाळ वाढवायचा कप्पा), शेवटी पाणी वर पाठवणारा रिटर्न पंप. मला मोजमापातलं कळत नाही असं नाही. पण कप्प्यांमधल्या काचेच्या पट्ट्यांची उंची चुकली तर स्किमरच्या कप्प्यातली पातळी हलत राहते आणि स्किमर नीट फेस धरत नाही, म्हणून म्हटलं जाणकाराकडून करून घेऊ. संप बनवून देणारा एक जण मिळाला. फोनवर तो तासभर बोलला. क्षारता, नायट्रेट, कोपेपॉड, सगळं तोंडपाठ. असा माणूस चोर असेल असं तुम्हाला तरी वाटलं असतं का?

आता ज्या क्षणी मी थांबायला हवं होतं तो सांगतो. दुसरा हप्ता मागताना त्याने फोटो पाठवला, ‘काका, तुमचा संप, सिलिकॉन सुकतंय’. झकास काम. मुलगा बाजूला होता. त्याने फोटो मोठा केला आणि मागच्या भिंतीवर बोट ठेवलं. “बाबा, हे सॉकेट आपल्याकडचं नाही.” दोन उभ्या फटी आणि खाली एक भोक. अमेरिकेतलं. आपल्याकडे तीन गोल भोकं असतात हे मला काय माहीत नव्हतं? मी त्याला म्हणालो, “तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे.” आणि त्याच्यासमोर १४,००० पाठवले. रात्री अजूनही ते सॉकेट डोळ्यांसमोर येतं. फोटो आला की आधी त्याची मागची भिंत बघा!

सतरा दिवस ‘उद्या नक्की’ ऐकल्यावर जे आलं ते ३० बाय १५ बाय १६ इंचांचं खोकं. परत पाठवायला हवं होतं, पण टेम्पोवाला घाईत, त्याचे पैसे आधीच गेलेले, आणि फोनवर हा म्हणतो, “काका, कपाटात हात घालायला जागा नको का? मुद्दाम लहान केलाय.” पटलं मला! जोडाला व्हिनेगरसारखा वास होता, तेव्हा ‘म्हणजे ओरिजिनल’ असं तोच म्हणाला. बाथरूमच्या सिलिकॉनलाही तोच वास येतो. त्यात बुरशीनाशक असतं, ते माशांना मारतं. वासावर जाऊ नका, ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचा. ट्यूबचा फोटो मागा.

रेफ्युजियमसाठी कीटोमॉर्फा हे समुद्री शेवाळ म्हणून पिशवीत जे दिलं ते जावा मॉस निघालं, गोड्या पाण्यातलं. कीटो हाताला भांडी घासायच्या तारेसारखं कडक लागतं. हे मऊ, ओल्या लोकरीसारखं. चार दिवसांत तपकिरी होऊन सडलं. जे शेवाळ नायट्रेट ओढून घेण्यासाठी ठेवायचं, त्यानेच पाणी नासवलं. टाकीत मासे तीन, दोन क्लाऊन आणि एक डॅमसेल होते, त्यातला एकच क्लाऊन उरला.

मग एका रात्री लाइट गेली. पंप थांबला की रिटर्नच्या पाइपातून वरचं पाणी उलटं खाली येतं. नोझल, म्हणजे त्या पाइपाचं तोंड, पाण्यात जितकं खोल, तितकं पाणी उतरणार. माझ्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे साडेसात लिटर, नोझल सात सेंटिमीटर खोल, म्हणजे पन्नासेक लिटर. ठरल्या मापाच्या संपात ते आरामात मावलं असतं. ह्या डब्यातून पंधरा-वीस लिटर खारं पाणी कपाटात, तिथून जमिनीवर, तिथून काकूंच्या छतात. नवीन संप बसवलात की पहिल्याच दिवशी स्वतः मेन स्विच बंद करून बघा. पाण्याच्या पातळीलगत पाइपला एक बारीक भोक पाडून ठेवा, म्हणजे हवा शिरून पाणी उतरायचं थांबेल, आणि ते बुजलेलं नाही ना, हे अधूनमधून तपासा.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावला. “पैसे तुम्हीच पाठवलेत ना? माल मिळालाय ना? मग ऑनलाइन फसवणूक कशी?” इथे मला त्याची खरी हुशारी कळली. खोकं पाठवलंच नसतं तर ती सरळ चोरी ठरली असती. पाठवल्यामुळे तो ‘व्यवहारातला वाद’ झाला.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी लिहायला घेतलं आणि विचारलं, “संप? कुठल्या कंपनीत?” समजावलं. त्यांनी दुसऱ्याला हाक मारली, “अरे ये, माशांसाठी चाळीस हजार!” मग मलाच प्रश्न, घरात प्रवाळ ठेवलंय का? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात त्याला संरक्षण आहे, हे त्यांना बरोबर आठवलं. नाही हो, साधे कोरडे दगड आहेत! शेवटी, खातं दुसऱ्या जिल्ह्यातलं, तिकडे जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, असं मी म्हणालो. “साहेब, तुम्ही वकील का?” ज्या बँकेत जन्म घालवला तिथल्या पोरीनेही तोंडावर सांगितलं, तुम्ही स्वतः मंजूर केलेला व्यवहार आहे, काही होणार नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार क्रमांक मिळाला. त्या क्रमांकाचं मी काय करू?

ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच दाद मागता येते, ५ लाखांपर्यंत फीही नाही. पण नोटीस पाठवायची कुठे? माझ्याकडे त्याचा फक्त मोबाइल नंबर. बिल नाही, पत्ता नाही. पैसे देण्याआधी हे दोन्ही घ्या, माणूस कितीही गोड बोलो.

मला त्याने ब्लॉक केलंय, पण मेव्हण्याच्या फोनवर त्याचं स्टेटस दिसतं. गेल्या रविवारी नवीन टाकलं, ‘ठाण्याच्या सरांचा संप, सिलिकॉन सुकतंय’. मागे तेच सॉकेट.