ए की एफ? पुण्या-कोल्हापूरहून उडताना खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी

सातारा-सांगलीकडची माणसं विमान धरतात ती पुण्याहून, नाहीतर कोल्हापूरहून. एअरबस ए३२० सारख्या विमानात ए म्हणजे नाकाकडे तोंड केल्यावर डावी खिडकी, एफ म्हणजे उजवी. खिडकीसाठी जादा पैसे मोजणार असाल, तर आधी बाजू ठरवा, रांग नंतर.

बाजू ठरते ती उन्हावरून. साताऱ्याहून सकाळी स्वारगेटची एसटी धरताना जाणती माणसं ड्रायव्हरच्या बाजूला बसत नाहीत, कारण ऊन तिकडून येतं. विमानात तर हे जास्तच पाळावं. खिडकीच्या तावदानावर बारीक ओरखडे असतात. ऊन समोरून आलं की ते सगळे चमकतात आणि खालचं काही दिसत नाही. सावलीच्या बाजूला मात्र शेतांचे बांध, ओढे, तळ्यांचे काठ स्वच्छ दिसतात.

पावसाळ्यात या बाजूचा आणखी एक फायदा आहे. खाली ढगांची चादर असेल तर विमानाची सावली तिच्यावर पडते आणि सावलीभोवती रंगांचं पूर्ण कडं उमटतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसतं तेच हे इंद्रवज्र. ते सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेलाच दिसतं, त्यामुळे उन्हाच्या बाजूला बसलेल्यांना दिसत नाही. ढग आहेत म्हणून खिडकी सोडू नका, ती यासाठीच.

आता मार्ग. नकाशावर थेट रेषा ओढून सांगतो. प्रत्यक्षात विमान थोडं इकडेतिकडे सरकतं.

कोल्हापूर-मुंबई हा आपल्या मुलखावरचा सर्वांत देखणा मार्ग, कारण तो सह्याद्रीला धरूनच जातो. सकाळचं विमान असेल तर डावीकडे बसा. पावसाळा सरल्यावर कोयनेचा शिवसागर तुडुंब असतो, डोंगरांच्या प्रत्येक खाचेत पाण्याचा एकेक फाटा शिरलेला दिसतो. त्यापलीकडे घाटमाथा एकदम तुटतो आणि कोकण सुरू होतं. दुपारनंतर जात असाल तर उजवी बाजू: साताऱ्याचं खोरं, कासचं पठार, पुढे महाबळेश्वर. दोन्हींत एकच निवडायची तर मी डावी घेईन, तीही ऑक्टोबर-नोव्हेंबरात. उन्हाळ्यात धुरकट हवेत यातलं निम्मंही दिसत नाही.

पुणे-बेंगळुरू सकाळी असेल तर उजवी. ऊन डावीकडे राहतं आणि कृष्णाकाठ उजव्या हाताला, बराच लांब. हवा स्वच्छ असेल तरच त्याची आशा धरा. संध्याकाळी याच मार्गावर डावीकडे बसा, कृष्णाकाठ सोडून द्या.

पुणे-दिल्ली सकाळी डावी, दुपारनंतर उजवी. डावीकडे चंबळवरचा गांधीसागर जलाशय दिसण्याची शक्यता असते.

सिक्कीमला जाणाऱ्यांनी दिल्ली-बागडोगरा टप्प्यावर डावी बाजू सोडूच नये. विमान पूर्वेकडे जातं, हिमालय उत्तरेला असतो आणि सूर्य बहुतेक दक्षिणेकडे. बघायचं तेही डावीकडे आणि सावलीही डावीकडेच, असा योग क्वचित जुळतो. ८,५८६ मीटरचं कांचनगंगा याच बाजूला. परतताना अर्थात उजवी.

रांगेचं सोपं आहे. ए३२० मध्ये साधारण दहाव्यापासून विसाव्या रांगेपर्यंत खाली पंखच पंख. पुढच्या रांगा सर्वांत चांगल्या, पण त्यांना पैसे जास्त पडतात. अगदी मागच्या रांगांतूनही जमीन दिसते. फक्त इंजिनाच्या गरम हवेमुळे फोटो थरथरल्यासारखे येतात. डोळ्यांनीच बघायचं असेल तर मागची घ्या, पैसे वाचवा. आणखी एक, काही विमानांत एखाद्या रांगेला खिडकीच नसते, नुसती भिंत. सीट नक्की करण्याआधी त्या विमानाचा आसननकाशा बघून घ्या.

छोट्या विमानतळांवर येणारं एटीआर हे पंख्याचं विमान मिळालं तर खुशाल घ्या. त्याचे पंख छताच्या उंचीवर असतात, म्हणून खालचा मुलूख मोकळा दिसतो. ते उडतंही कमी उंचीवरून, २५,००० फुटांच्या आतच. इंजिन आणि पंखा नजरेत यायला नको असेल तर मागच्या रांगा धरा.

विमान रात्रीचं असेल तर खिडकीसाठी एक रुपयाही जादा देऊ नका. आणि वेब चेक-इन करताना विमान बदललंय का ते एकदा बघा. बदललं असेल तर रांगेचा विचार पुन्हा करावा लागतो, बाजू मात्र तीच राहते.