पावसाळाभर तीन मशिनींवर तीन इनिट: खानापुरातला अनुभव

लिनक्स मशीन चालू झालं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सगळ्यात आधी एक प्रोग्रॅम उठवतो. त्याला इनिट म्हणतात. त्याचा प्रोसेस क्रमांक 1, आणि बाकी सगळ्या सेवा (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) उठवायच्या त्याने. हा पहिला प्रोग्रॅम कोणता असावा यावर लोक पंधराएक वर्षं भांडतायत. वाचायला मजा येते, पण बहुतेक भांडणं अशा लोकांची, ज्यांच्याकडे लाईट जात नाही.

माझं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, वर कन्नड खाली मराठी असे फलक. जून ते सप्टेंबर इथे कुठल्या रानात लाइनीवर फांदी पडेल सांगता येत नाही, आणि माझ्या यूपीएसची बॅटरी आता म्हातारी झालीय. त्यामुळे बूट, म्हणजे मशीन चालू होणं, आठ सेकंदांत होतो की वीस, याचं मला काही नाही. धाडकन बंद पडलेलं मशीन आपलं आपण उभं राहतं का, आणि राहिलं नाही तर का नाही हे कळतं का, एवढंच मी पाहतो. पुण्यातला भाचा सिस्टमडीचा, म्हणजे आज बहुतेक लिनक्समध्ये येणाऱ्या इनिटचा, कट्टर विरोधक. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा तीन मशिनींवर तीन प्रकार, म्हणजे लिनक्सची एकेक डिस्ट्रो आणि तिचा इनिट, लावून घेतले: सर्व्हरवर डेबियन 12 आणि सिस्टमडी, काउंटरवर डेव्हुअन 5 आणि जुना सिस-व्ही इनिट, डिझाइनच्या मशीनवर व्हॉइड आणि रनिट.

सर्व्हरपासून सुरू करतो, कारण खरा धंदा त्यावर आहे. बिलिंगचा डेटाबेस, सांबाचं शेअर (बाकी मशिनींना नेटवर्कवरून उघडता येणारं फोल्डर), प्रिंटर आणि रात्रीचा बॅकअप.

सिस्टमडीची सगळ्यात आवडलेली गोष्ट कोणी फारशी सांगत नाही: टायमर. बॅकअप रात्री एकला ठरलेला आणि त्या वेळी लाईट नाही, तर साधा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा जुना प्रोग्रॅम, ती पाळी गिळून टाकतो. सिस्टमडीच्या टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ची एक ओळ घातली की मशीन चालू होताच चुकलेलं काम तो उरकून घेतो. हे अॅनाक्रॉनही करतो, मान्य; पण तिथे हिशेब दिवसांचा, तासांचा नाही. दुसरं म्हणजे सेवा मेली तर ती परत उठवणं. हे आपोआप होत नाही, सेवेच्या फाइलमध्ये तसं लिहावं लागतं. शिवाय दहा सेकंदांत पाच वेळा उठवूनही पडली तर सिस्टमडी हात वर करतो. ही मर्यादा बदलता येते, मी वाढवून ठेवलीय.

आता तक्रार. बॅकअपची बाहेरची डिस्क एफएस-टॅबमध्ये (कोणत्या डिस्क जोडायच्या त्याच्या यादीत) नोंदवलेली असेल आणि सकाळी ती जोडलेली नसेल, तर सिस्टमडी दीड मिनिट तिची वाट पाहतो आणि मग आणीबाणीच्या शेलमध्ये (नुसत्या आदेशांच्या स्क्रीनवर) जाऊन रूटचा, म्हणजे मुख्य वापरकर्त्याचा, पासवर्ड मागत बसतो. दुकानात मी नसलो की पोरगा फोन करतो, “दादा, काळा स्क्रीन आलाय.” उपाय एका शब्दाचा, त्या ओळीत ‘नोफेल’ लिहायचं, मग डिस्क नसली तरी बूट अडत नाही. पण नोंदवलेली प्रत्येक डिस्क अत्यावश्यकच, हे सिस्टमडीने परस्पर का ठरवावं? सर्व्हरची मूळ डिस्क शाबूत आहे, डेटाबेस शाबूत आहे, आणि दुकान एका यूएसबी डिस्कसाठी बंद!

आणि लॉग, म्हणजे मशीनवर काय घडलं त्याची नोंदवही. भाच्याचा सगळ्यात जुना मुद्दा हाच, आणि तो बरोबर आहे. सिस्टमडीचा जर्नल हा लॉग बायनरी, म्हणजे साध्या एडिटरमध्ये वाचता न येणाऱ्या, फाइलमध्ये लिहितो. गंभीर संदेश तो तिथल्या तिथे डिस्कवर पक्का करतो, पण नेहमीच्या नोंदी पक्क्या करायचं अंतर मुळात पाच मिनिटं ठेवलेलं आहे. लाईट गेल्यावर नेमक्या शेवटच्या मिनिटांत काय घडलं ते मला हवं असतं, आणि तेवढंच हाती लागेल याची खात्री नसते. पुढच्या बूटला ‘फाइल खराब किंवा नीट बंद न झालेली, नाव बदलून नवी सुरू केली’ असा संदेश येतो. जुनी फाइल फेकली जात नाही, वाचता येते तेवढी वाचली जाते, हेही खरं. मजकुराच्या साध्या लॉगलाही पूर्ण हमी नाही. कर्नल लिहिलेलं अर्धा मिनिट तरी मेमरीत धरून ठेवू शकतो. पण तिथे शेवटच्या चार ओळी गेल्या तरी बाकीची फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. डेबियन 12 मध्ये असा साधा लॉग लिहिणारा आरसिसलॉग मुळात येत नाही. मी तो वेगळा घातला आणि जर्नलचं अंतर पंधरा सेकंदांवर आणलं. आता दोन्हीकडे नोंदी पडतात. रोजच्या शोधाशोधीला मात्र जर्नलच बरा: मागच्या बूटमध्ये फक्त सांबा काय म्हणत होता, हे एका आदेशात मिळतं.

काउंटरच्या डेव्हुअनबद्दल थोडक्यात. डेबियनच्या तांत्रिक समितीत फेब्रुवारी 2014 मध्ये सिस्टमडी आणि अपस्टार्ट (आणखी एक इनिट) यांना समसमान मतं पडली आणि अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चिडलेल्यांनी डेव्हुअनची, म्हणजे सिस्टमडीविना डेबियनची, घोषणा केली. पहिली स्थिर आवृत्ती यायला मे 2017 उजाडला. डेबियनमध्ये 2019 ला पुन्हा मतदान झालं, तेव्हा कौल असा की मुख्य सिस्टमडी, पण पर्याय शोधणाऱ्यांनाही आधार द्यायचा. असले ठराव कसे वाचायचे ते सीमाभागातल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

तर डेव्हुअन शांत आहे. बूटच्या स्क्रिप्ट उघडून वाचता येतात, एकामागून एक काय होतं ते दिसतं. अडचण एकच आणि ती मोठी: इनिट.डी या स्क्रिप्टच्या फोल्डरमधली सेवा सुरू करून दिली की सिस-व्ही इनिट तिच्याकडे परत बघत नाही. माझी स्कॅन घेणारी एक छोटी सेवा अधूनमधून मरते. गिऱ्हाईक आधार कार्ड हातात धरून उभं, आणि सेवा कधी मेली हे मशीनला माहीतच नाही. ‘एक काम कर आणि नीट कर’ हे तत्त्व मला पटतं, पण दिलेली सेवा जिवंत ठेवणं हेही त्या एका कामातच यायला हवं ना?

रनिटने मात्र मला चकित केलं. गेरिट पापे यांची ही रचना बर्नस्टाईन यांच्या डीमनटूल्स या सेवा सांभाळणाऱ्या साधनांवरून घेतलेली. प्रत्येक सेवेला एक फोल्डर, त्यात ‘रन’ नावाची स्क्रिप्ट; फोल्डरची लिंक ठरल्या जागी टाकली की सेवा चालू. सेवा पडली की सेकंदभराने परत उठवतो, कितीही वेळा. सर्व्हरच्या शेअरमध्ये पीडीएफ आली की ती प्रिंटरला पाठवणारी माझी स्क्रिप्ट सात-आठ ओळींत बसली. लाईट आल्यावर डिझाइनचं मशीन सर्व्हरच्या आधी उठतं, शेअर सापडत नाही, स्क्रिप्ट बाहेर पडते, पुन्हा सुरू होते. पिग्मी गोळा करणाऱ्यासारखी चिकाटी. हेच सिस्टमडीत करताना आधी ‘नेटवर्क’ आणि ‘नेटवर्क-ऑनलाइन’ यांतला फरक समजून घ्यावा लागतो. पहिल्याचा अर्थ नेटवर्कचं काम हाती घेतलंय एवढाच, पत्ता मिळाला असा नाही.

पण रनिटला कशानंतर काय याची कल्पना नाही, नुसती आपटाआपटी आहे. डेटाबेसचा सर्व्हर मी असा चालवणार नाही. व्हॉइडमध्ये लॉग लिहिणारी सेवाही मुळात नसते, सॉकलॉग आपण घालायचा. डेस्कटॉपच्या लॉगिनसाठी एलॉगिनडी लागतो, आणि तो म्हणजे सिस्टमडीचाच एक तुकडा सुटा काढलेला. भाच्याला हे सांगितलं की तो विषय बदलतो.

सर्व्हर डेबियनवरच राहणार, व्हॉइडलाही हात लावणार नाही. काउंटरचं मशीन दिवाळीनंतर डेबियनवर न्यावं म्हणतोय, त्या स्कॅनच्या सेवेपायी. भाच्याचा लगेच मेसेज: “मामा, त्याच डेव्हुअनवर रनिट टाका की, काय बिघडतंय?” टाकता येतो, पण तिथे सगळ्याच सेवांच्या रन फाइली तयार मिळत नाहीत, नसेल तिथे जुनीच इनिट.डीची स्क्रिप्ट चालते. म्हणजे स्कॅनची रन फाइल मलाच लिहावी लागेल. सात-आठ ओळींचंच काम आहे, गणपतीच्या पावतीपुस्तकांची गर्दी संपली की आधी ते करून बघतो.